घरच्या घरी कॅमशाफ्ट कसा बदलायचा? परफॉर्मन्स इंजिनसाठी मराठी गाईड

कासा, चारोटी, डहाणू, तलासरी या पट्ट्यात जुन्या पण दमदार गाड्यांचे शौकीन कमी नाहीत. कुणाकडे होंडा सिटी व्हीटेक आहे, कुणी पालिओ जपून ठेवलीय, कुणी सेकंड-हँड पोलो घेतलीय. मोठं वर्कशॉप गाठायचं तर बहुतेक वेळा वापी नाहीतर वसई-मुंबईकडे जावं लागतं. मग मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून वाटतं, 'हे तर आपणही अंगणात करू शकतो.'

करू शकता. कॅमशाफ्ट बदलायला ताकद फार लागत नाही, इंजिन खाली उतरवावं लागत नाही आणि बऱ्याच गाड्यांत हेडसुद्धा काढावं लागत नाही. पण या कामात अंदाज चालत नाही. टाइमिंग चुकलं तर चावी फिरवल्यावर पहिल्याच सेकंदाला व्हॉल्व्ह वाकू शकतात. आणि आपल्याकडे अनेक घरांत तीच एक गाडी असते. लग्नाला तीच, बाजाराला तीच आणि रात्री दवाखान्यात न्यायलाही तीच. म्हणून पाना हातात घेण्याआधी हा लेख शेवटपर्यंत वाचा.

कॅमशाफ्ट म्हणजे नेमकं काय?

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, फिरणारा लांब दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, त्यांना लोब म्हणतात. लोब फिरत येऊन व्हॉल्व्हला दाबतो, तेव्हा व्हॉल्व्ह उघडतो. लोब पुढे गेला की स्प्रिंग व्हॉल्व्हला परत बंद करते. इनटेक व्हॉल्व्हमधून हवा-पेट्रोल आत येतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून जळलेला धूर बाहेर जातो.

खाली पिस्टनला वरखाली करणारा क्रँकशाफ्ट असतो. क्रँक आणि कॅम टाइमिंग बेल्टने किंवा चेनने एकमेकांशी जोडलेले असतात. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदाच फिरतो. आता हिशेब करा: इंजिन ६००० आरपीएमवर असेल तर कॅम ३००० वर फिरतोय, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या. प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि बंद होतो, आणि तेही पिस्टन वर येण्याच्या आत.

अनेक इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येऊ शकतात. अशा इंजिनाला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. फक्त टाइमिंग बरोबर असल्यामुळे ते एकमेकांना लागत नाहीत. कॅमच्या गिअरला ४० दाते आहेत असं धरा. बेल्ट एक दात चुकला तर कॅम ९ अंशांनी चुकतो, आणि क्रँकच्या हिशेबात ती चूक १८ अंशांची होते. एवढ्याने गाडी ओढत नाही, आयडलिंगला थरथरते. दोन-तीन दात चुकले तर धडक होऊ शकते.

तुमच्या गाडीचा कॅम सोलापूरचा असू शकतो

हा पार्ट कुठून येतो हे बघायला परदेशात जायची गरज नाही. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी यतीन शहा यांनी १९९२ मध्ये सोलापुरात सुरू केली. आज देश-विदेशातल्या कार कंपन्यांना ती कॅमशाफ्ट पुरवते. २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. चादरींसाठी ओळखलं जाणारं सोलापूर वाहन उद्योगात कॅमशाफ्टसाठीही ओळखलं जातं.

ओतीव लोखंडाचा कॅम कसा बनतो हे समजलं तर पार्ट निवडताना फायदा होतो. साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. जिथे लोब येणार तिथे साच्यात आधीच धातूचे तुकडे बसवलेले असतात, त्यांना चिल म्हणतात. त्यांच्यामुळे लोबचा पृष्ठभाग झटकन थंड होतो आणि खूप कडक बनतो. आतला भाग सावकाश थंड होतो, म्हणून तो तुलनेने मऊ राहतो. लोब झिजत नाही तो या कडक थरामुळे.

बाजारात 'रीग्राइंड' कॅम मिळतात. म्हणजे जुनाच कॅम घासून त्याला नवा आकार दिलेला असतो. स्वस्त पडतो. पण घासताना कडक थर किती उरला, हे डोळ्यांनी कळत नाही. थर निघून गेला असेल तर लोब लवकर झिजतो आणि त्याचा चुरा ऑइलमधून सगळ्या इंजिनभर फिरतो. रीग्राइंड कॅम घ्यायचाच असेल तर लोबचा कडकपणा तपासून देणाऱ्याकडूनच घ्या.

परफॉर्मन्स कॅम वेगळा कसा?

स्टॉक कॅम आणि परफॉर्मन्स कॅम शेजारी ठेवले तर फरक पटकन दिसत नाही. फरक लोबच्या आकारात असतो. तीन शब्द लक्षात ठेवा.

लिफ्ट: व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उघडतो. लिफ्ट जास्त, तर हवेला वाट मोठी.

ड्युरेशन: क्रँकच्या किती अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी विकले जाणारे सौम्य कॅम साधारण २५६ ते २६४ अंशांचे असतात. २८० च्या पुढचे कॅम रेसकडे झुकतात.

ओव्हरलॅप: इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे असतात तो काळ.

ड्युरेशन आणि ओव्हरलॅप वाढवला की जास्त आरपीएमला इंजिन छान श्वास घेतं आणि ताकद वाढते. पण कमी आरपीएमला तीच गोष्ट नडते. आत आलेलं मिश्रण परत मागे ढकललं जातं, टॉर्क कमी होतो, आयडलिंग खडबडीत होतं.

होंडाच्या व्हीटेकमध्ये याच अडचणीवर उपाय आहे. कमी आरपीएमला एक लोब काम करतो, आणि आरपीएम वाढले की ऑइलच्या दाबाने पिन सरकून मोठा लोब कामाला लागतो. २००० मध्ये आपल्याकडे आलेली सिटी १.५ व्हीटेक १०६ हॉर्सपॉवरची होती आणि आजही शौकिनांत तिचं नाव निघतं ते याच कारणाने.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा: तुम्ही गाडी कुठे चालवता? कासाहून जव्हारकडे चढताना, एसटीच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन २००० ते ३००० आरपीएममध्येच असतं. मोठा कॅम नेमकी तिथेच ताकद काढून घेतो. ५५०० च्या पुढे गाडी उडते, पण तिथपर्यंत जायला रस्ता हवा ना? ज्यांना गाडी रोज वापरायची आहे, त्यांनी स्टॉक किंवा अगदी सौम्य कॅमच निवडावा.

आणखी एक गोष्ट, जी व्हिडिओत फारशी सांगत नाहीत. बहुतेक पेट्रोल गाड्यांचा ब्रेक बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. ओव्हरलॅप जास्त असेल तर आयडलिंगला व्हॅक्यूम कमी होतो आणि ब्रेकचं पेडल कडक लागू शकतं. कॅमच्या नादात ब्रेक गेला तर सगळंच गेलं.

कोणती गाडी घरी करण्यासारखी?

महाराष्ट्रातही परफॉर्मन्स गाड्या बनल्या आहेत. पालिओ १.६ जीटीएक्स कुर्ल्याच्या कारखान्यातली, पोलो जीटी टीएसआय चाकणची, अबार्थ पुंटो रांजणगावची. पण घरच्या कामासाठी सगळ्या सारख्या सोप्या नाहीत.

- सिंगल कॅम, टाइमिंग बेल्ट आणि स्पष्ट टाइमिंग मार्क असलेलं इंजिन: शिकण्यासाठी सगळ्यात बरं. जुनी सिटी याच प्रकारात येते.
- दोन कॅम आणि मार्क नसलेलं इंजिन: पालिओ १.६ आणि अबार्थसारख्या फियाट इंजिनांत कॅम लॉक करायचं खास टूल लागतं. टूल नसेल तर हात लावू नका.
- टाइमिंग चेनचं इंजिन, जसं मारुतीची के-सिरीज: चेनचं कव्हर उघडायला बरंच सामान काढावं लागतं. पहिलं काम म्हणून नको.
- व्हेरिएबल टाइमिंगचं इंजिन: कॅमच्या टोकाला ऑइलवर चालणारा फेजर असतो. मॅन्युअल हातात असेल तरच करा.

काही जुन्या इंजिनांत कॅम वरून निघत नाही, हेडच्या बोगद्यातून आडवा सरकवून काढावा लागतो. म्हणून आधी आपल्याच इंजिनचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. इंजिन कोड आरसीवर किंवा इंजिन ब्लॉकवर बघा, मॉडेलच्या नावावर जाऊ नका.

कॅम खरंच खराब झालाय का?

वरून टिक-टिक आवाज, एखाद्या सिलिंडरचा मिसफायर, ओढ कमी होणं, ऑइलमध्ये चमकणारा चुरा ही कॅम झिजल्याची लक्षणं असू शकतात. पण टिक-टिक फक्त टॅपेटचा गॅप वाढल्यामुळेही येते. आधी गॅप तपासा, कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. आणि लोब झिजला असेल तर का झिजला ते शोधा. बऱ्याचदा कारण असतं वेळेवर न बदललेलं ऑइल किंवा बुजलेलं ऑइलचं भोक. कारण तसंच ठेवलंत तर नवा कॅमही त्याच वाटेने जाईल.

कायदा काय सांगतो?

खराब कॅम काढून कंपनीचा तसाच कॅम बसवणं ही दुरुस्ती आहे, त्यात अडचण नाही. परफॉर्मन्स कॅमचं तसं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

पीयूसीमध्ये आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. मोठ्या ओव्हरलॅपमुळे न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं, म्हणून गाडी तिथे नापास होऊ शकते. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. मोठा कॅम टाकायचाच असेल तर ती गाडी ट्रॅक किंवा रॅलीसाठी वेगळी ठेवा आणि मोटरस्पोर्ट फेडरेशनच्या मान्यतेच्या स्पर्धांतच पळवा. हायवे हा टेस्ट ट्रॅक नाही.

काय काय लागेल?

- सर्व्हिस मॅन्युअल आणि नव्या कॅमसोबत येणारं कॅम कार्ड
- गोटी सेट, पाने, टॉर्क रेंच, फिलर गेज
- जॅक, दोन जॅक स्टँड, चाकाला लावायचे ठोकळे
- नवा टाइमिंग बेल्ट, टेन्शनर, कॅमचं ऑइल सील, टॅपेट कव्हरचं गॅस्केट
- असेंब्ली ल्यूब, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्वच्छ सुती कापड
- पुठ्ठा, मार्कर, पांढरा पेंट
- तुमचा फोन, पूर्ण चार्ज केलेला

पार्ट मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या बाजारात मिळू शकतात, पण इंजिन कोड घेऊनच जा. नवा कॅम हातात आला की जुन्याच्या शेजारी ठेवून लांबी, जर्नलची जाडी, डॉवेल पिन आणि सेन्सरची रिंग जुळते का बघा. म्हणजे जुना कॅम निघाल्यावर लगेच ही तुलना करा, सगळं परत जोडल्यावर नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर दोन पूर्ण दिवस धरा. जून ते सप्टेंबर उघड्या अंगणात हे काम काढू नका. आपल्याकडचा पाऊस सांगून येत नाही, आणि उघड्या हेडमध्ये पाणी किंवा मातीचा एक कणही परवडत नाही.

स्टेप बाय स्टेप

१. गाडी थंड आणि स्थिर करा. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. सपाट जमीन, हँडब्रेक, चाकांना ठोकळे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. क्रँक पुलीपर्यंत पोचायला पुढचं चाक काढावं लागतं, तेव्हा गाडी जॅक स्टँडवर ठेवा. फक्त जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. मातीच्या अंगणात स्टँडखाली जाड फळी ठेवा, नाहीतर स्टँड रुततो.

२. फोटो काढत उघडा. एअर फिल्टरचा पाइप, कॉइल किंवा प्लग वायर, होज, कनेक्टर, प्रत्येक गोष्ट काढण्याआधी फोटो. आधी इंजिन वरून पुसून घ्या, मगच टॅपेट कव्हर उघडा. स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. प्लगच्या भोकांत स्वच्छ कापड घाला. पडलेला एक नट तुमचे दोन दिवस खाऊ शकतो.

३. एक नंबर सिलिंडर वर आणा. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा. बहुतेक इंजिनं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, पण जुनी होंडा डी-सिरीज उलटी फिरते, हे विसरू नका. एक नंबरचा पिस्टन सगळ्यात वर, आणि त्याचे सगळे व्हॉल्व्ह बंद, अशी स्थिती हवी. क्रँक आणि कॅम दोन्हींचे मार्क जुळले की पांढऱ्या पेंटने खूण करा आणि फोटो काढा. फोन मार्कच्या समोर सरळ धरा. तिरक्या कोनातून काढलेला फोटो एका दाताची चूक लपवतो.

४. बेल्ट काढा. काही गाड्यांत यासाठी इंजिन माउंट सोडावं लागतं. तेव्हा ऑइल संपखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्या. टेन्शनर सैल करा, बेल्ट काढा. यानंतर क्रँक आणि कॅम वेगवेगळे फिरवू नका. कॅम फिरणार असेल तर क्रँक कोणत्या स्थितीत ठेवायचा हे मॅन्युअलमध्ये बघा.

५. कॅमच्या टोप्या सोडा. खालून व्हॉल्व्ह स्प्रिंग कॅमला वर ढकलत असतात. एका बाजूचे बोल्ट पूर्ण सोडले तर कॅम तिरका होतो, वाकतो किंवा तुटतोही. म्हणून बाहेरून आत येत, प्रत्येक बोल्ट थोडा-थोडा, दोन-तीन फेऱ्यांत सैल करा. प्रत्येक टोपीची जागा आणि दिशा ठरलेली असते, कारण टोप्या आणि हेड एकत्रच घासून बनवलेले असतात. पुठ्ठ्यावर इंजिनचं चित्र काढा, भोकं पाडा आणि त्याच क्रमाने बोल्ट खोचा. रॉकर आणि टॅपेटही त्याच क्रमाने ठेवा. जुन्या होंडात रॉकरची अख्खी जोडणी बोल्टसकट उचलतात. बोल्ट बाहेर ओढले तर सगळे तुकडे सुटे होतात.

६. तपासा. हेडमधल्या बेअरिंगच्या जागेवर नख फिरवा. नख अडकलं म्हणजे ओरखडा खोल आहे, तेव्हा काम थांबवून मशीन शॉपमध्ये दाखवा. ऑइलची भोकं मोकळी आहेत का बघा. रॉकर किंवा टॅपेटवर खड्डे असतील तर तेही बदला, कारण खराब टॅपेट नवा लोब लवकर खातो.

७. मोठी लिफ्ट असेल तर इथे थांबा. स्टॉकपेक्षा जास्त लिफ्टचा कॅम टाकताना तीन गोष्टी मोजाव्या लागतात: स्प्रिंग पूर्ण दबून तिचे वेढे एकमेकांना चिकटतात का, स्प्रिंगची वरची वाटी सीलला लागते का, आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमध्ये किती जागा उरते. इनटेकला साधारण २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर जागा हवी असा सर्वसाधारण नियम आहे. हे मोजायला पिस्टनवर मॉडेलिंग क्ले ठेवून, हेड काढून बघतात. हे अनुभवी वर्कशॉपचं काम. ज्याने हे मोजलेलं नाही, त्याने मोठ्या लिफ्टचा कॅम बसवू नये.

८. नवा कॅम बसवा. लोबवर असेंब्ली ल्यूब, जर्नलवर इंजिन ऑइल लावा. नवं सील लावा. कॅम खुणेच्या स्थितीत ठेवा. टोप्या आपापल्या जागी, बाण योग्य दिशेला. आता उलटा क्रम: आतून बाहेर, थोडं-थोडं. शेवटी मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंच. हे बोल्ट लहान असतात. 'अजून जरासा' म्हणून ओढला की ॲल्युमिनियमचे आटे निघालेच म्हणून समजा.

९. बेल्ट लावा आणि हाताने फिरवा. मार्क जुळवून बेल्ट लावा, टेन्शन द्या. आता क्रँक पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. दोन फेऱ्या म्हणजे इंजिनचं पूर्ण चक्र. मार्क परत जुळले पाहिजेत. मध्येच काही कडक अडकलं तर जोर लावू नका. ते बहुतेक व्हॉल्व्ह पिस्टनला टेकल्याचं लक्षण असतं. मागे या, बेल्ट काढा, पुन्हा जुळवा. हाताने फिरवताना सापडलेली चूक फुकटात सुधारते, स्टार्टरने सापडलेली चूक अख्खं हेड मागते.

१०. टॅपेटचा गॅप लावा. इंजिन थंड असताना, फिलर गेजने. आकडा मॅन्युअलचा, आणि परफॉर्मन्स कॅम असेल तर कॅम कार्डचा. ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद आहेत त्याचाच गॅप लावायचा. बऱ्याच चार सिलिंडर गाड्यांत क्रम १-३-४-२ असतो. पात सरकताना हलकी पकड लागली पाहिजे, ओढावी लागू नये. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर ही पायरी नसते.

११. बंद करा. नवं गॅस्केट, कोपऱ्यांत मॅन्युअल सांगेल तिथेच सीलंट. फोटो बघत सगळे कनेक्टर जोडा. ऑइल आणि फिल्टर बदला.

पहिला स्टार्ट

गाडी उघड्यावर असू द्या. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि तो जीव घेतो.

फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारा. म्हणजे कॅमपर्यंत ऑइल पोचतं. मग फ्यूज लावून स्टार्ट करा. रोलर नसलेल्या, सपाट टॅपेटच्या कॅमसाठी बनवणारे साधारण २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर ठेवायला सांगतात, आयडलिंगवर नाही. लोब आणि टॅपेट एकमेकांशी याच वेळेत बसतात. रोलर रॉकर असतील तर इतकी काळजी लागत नाही. कॅम कार्डवर काय लिहिलंय ते पाळा. तापमानाचा काटा आणि ऑइलचा दिवा यावरून नजर हटवू नका.

मग ब्रेक तपासा. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि स्टार्ट करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. नाही गेलं तर गाडी फाटकाबाहेर काढू नका.

फोनचा खरा उपयोग इथे आहे

२०१३ नंतरच्या पेट्रोल गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो. ब्लूटूथ अडॅप्टर लावला की फोनवर इंजिनचा डेटा दिसतो. हे तीन कोड ओळखून ठेवा:

- पी०३४०: कॅम सेन्सरचं सर्किट. आधी कनेक्टर नीट बसलाय का बघा.
- पी००१६: क्रँक आणि कॅमचा मेळ नाही. बेल्ट दात चुकल्याची शक्यता, इंजिन लगेच बंद करा.
- पी०३००: वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये मिसफायर.

कोड नुसता डिलीट केला म्हणजे बिघाड दुरुस्त झाला असं नाही. लॉगमधून एरर पुसली म्हणून प्रोग्राममधला बग जात नाही, तसंच हे. फ्युएल ट्रिमही बघा. तो सतत अधिक किंवा उणे १० टक्क्यांच्या बाहेर असेल तर इंजिनला हवा-पेट्रोलचा हिशेब जुळत नाहीये. स्टॉक कॅमनंतर असं झालं तर हवा गळतेय का बघा. परफॉर्मन्स कॅमनंतर मात्र ईसीयूचं ट्यूनिंग वर्कशॉपमध्ये करून घ्यावंच लागतं. नुसता कॅम टाकून ताकद मिळत नाही.

जुन्या ऑइलचं काय?

वापरलेलं इंजिन ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक भाग म्हणून अधिसूचित आहे, आणि कासाच्या बाजूने सूर्या नदी वाहते. ऑइल नाल्यात ओतलं तर ते नदीत, शेतात आणि विहिरीत जातं. डबड्यात भरा, झाकण लावा, आणि जुनं ऑइल रीसायकलला देणाऱ्या गॅरेजला द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*बेल्ट जुना पण चांगला दिसतोय, तोच लावू का?*
नको. एवढं उघडलंच आहे तर बेल्ट आणि टेन्शनर नवीनच लावा. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही बघून घ्या.

*टॉर्क रेंच नाही, चालेल?*
नाही चालणार. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून दिवसभरासाठी मागून आणा, पण अंदाजाने आवळू नका.

*दोन कॅमच्या इंजिनात एकच बदलता येतो का?*
दुरुस्तीसाठी हो. परफॉर्मन्स कॅम मात्र बनवणारा जसा सांगेल तसाच, बऱ्याचदा जोडीने.

*इलेक्ट्रिक गाडीत कॅमशाफ्ट असतो का?*
नाही, कारण व्हॉल्व्हच नसतात. म्हणूनच सोलापूरच्या त्या कंपनीने २०१८ मध्ये नेदरलँड्सची इमॉस ही इलेक्ट्रिक वाहनांची कंपनी घेतली.

चावी फिरवण्याआधी: स्क्रीनशॉट काढून ठेवा

१. पांढऱ्या खुणा जुळल्या, फोटो सरळ समोरून काढला.
२. कॅमच्या सगळ्या टोप्या आपल्या जागी, बाण बरोबर, टॉर्क रेंचने आवळल्या.
३. हाताने दोन फेऱ्या फिरवल्या, कुठे अडकलं नाही, मार्क परत जुळले.
४. टॅपेट गॅप लावला.
५. प्लगच्या भोकांतलं कापड काढलं, एकही पार्ट उरलेला नाही.
६. नवं ऑइल आणि फिल्टर लावला, फ्यूज काढून ऑइल वर चढवलं.
७. गाडी उघड्यावर आहे, लहान मुलं लांब आहेत.

सातपैकी एकाही ओळीवर 'बहुतेक' असं उत्तर आलं, तर चावी खिशातच ठेवा आणि ती पायरी पुन्हा करा.